दमट हवेतला हॉट रॉड: १/२५ मापाचं मॉडेल पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी काटछाट करून हलकी केलेली जुनी मोटारगाडी. तिचं प्लास्टिकचं मॉडेल पहिल्यांदा बांधणाऱ्याचं काम बहुतेक वेळा रंगापाशी अडतं, आणि कोकणात तर हमखास. रंगाच्या डब्यावर छापलेले वाळायचे तास कोरड्या हवेचा हिशेब धरून दिलेले असतात. तोच काळा लॅकर वेंगुर्ल्यात जुलैमध्ये मारला, तर काही मिनिटांत त्यावर दुधाळ साय धरते. म्हणून हे मॉडेल इथल्या हवेच्या तालाने बांधायचं. कापणं, घासणं, चासी, इंजिन ही कामं मृगापासून गणपतीपर्यंत उरकायची, आणि चकचकीत रंग दिवाळीनंतर मारायचा. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

गाडी आणि किट

पहिल्या मॉडेलसाठी १९३२ ची फोर्ड घ्या. सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल अशी व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेली गाडी) फोर्डने त्या वर्षी बाजारात आणली: २२१ घन इंचांचं, ६५ अश्वशक्तीचं फ्लॅटहेड इंजिन. पुढे या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांची मडगार्डं, बंपर, जमलं तर पुढची काचही उतरवली आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या टणक सपाटीवर त्या पळवल्या. १९३७ साली तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. वजन कमी करणं आणि वाऱ्याचा अडथळा काढणं हा सगळ्या काटछाटीचा हेतू होता. मॉडेलवर काय ठेवायचं आणि काय नाही, असा प्रश्न पडला की हा हेतू आठवा. चांगला हॉट रॉड उघडा असतो, त्यावर शोभेच्या वस्तू लादलेल्या नसतात.

मडगार्ड काढलेल्या आणि चासीवर मूळ उंचीलाच बॉडी ठेवलेल्या रूपाला ‘हायबॉय’ म्हणतात. नवशिक्याने हेच करावं. रेव्हेल आणि एएमटी या कंपन्यांची १/२५ मापाची, तसंच मोनोग्रामची १/२४ मापाची ३२ फोर्ड किटं मिळतात. दोन्हींत निवड असेल तर १/२५ घ्या. त्यात एक मोठी सोय आहे: खऱ्या गाडीवरचा १ इंच म्हणजे मॉडेलवर जवळजवळ नेमका १ मिलिमीटर. खऱ्या गाडीचा पुढचा एक्सल ४ इंच खाली घेतलेला असेल, तर आपल्याकडे ४ मिलिमीटर. ३२ फोर्डच्या दोन एक्सलांमधलं अंतर १०६ इंच, म्हणजे १/२५ मध्ये १०७.७ मिलिमीटर. साधी पट्टी घेऊन सगळं तपासता येतं.

छप्पर कापून बुटकं करायचा मोह पहिल्या खेपेला टाळा. खांब तिरके असतात. ३ मिलिमीटरचा काप घेतला की वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर बसत नाहीत, आणि मग छपराची लांबी-रुंदी जुळवत महिना जातो. बुटकं छप्पर हवंच असेल तर तसंच येणारं किट शोधा, नाहीतर उघडी रोडस्टर घ्या.

हत्यारं

स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) भाग सोडवायला प्लास्टिकचा बारीक कटर, ११ नंबरच्या पात्याचा चाकू, टोकदार चिमटा, बारीक कानस, हातगिरमिट आणि त्याला ०.४ व ०.८ मिलिमीटरची ड्रिल. ४००, ६००, १०००, १५००, २००० आणि ३००० चे वॉटर पेपर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सुटे मिळतात. मॉडेलसाठीचं पातळ सिमेंट, फेविक्विक, काचेसाठी फेव्हिकॉल, थोडी मॉडेलसाठीची लांबी (खड्डे भरायची पुट्टी), मास्किंग टेप. एक गुळगुळीत ग्लेझची लादी, फूटभर लांबीची; तिच्यावर चासी सरळ आहे का ते कळतं. आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर. कटर साधा घेतला तरी चालेल, मीटरशिवाय मात्र रंगाला हात घालू नका.

खाऱ्या हवेत पाती, चिमटे आणि ड्रिल आठवडाभरात तांबूस होतात. काम झालं की शिलाई मशिनच्या तेलाचं बोट फिरवून झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. वापरण्याआधी ते तेल स्वच्छ पुसा, कारण हेच तेल पुढे रंगाचा घात करतं. डिकॅलचा (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायच्या चित्रांचा) कागद खोक्यातून काढून त्याच दिवशी झिप पिशवीत सीलबंद करा. पावसाळ्यात उघडा राहिला तर कागदावरचा डिंक ओल धरतो आणि चित्रं पिवळी पडतात किंवा कागदाला चिकटून बसतात.

धुणं, मोजणं, लटकी जुळणी

साच्यातून सुटावेत म्हणून भागांवर तेलकट थर राहिलेला असतो. सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने, जुन्या मऊ ब्रशने धुवा. पाणी कढत नको. पॉलिस्टायरीनचे पातळ भाग वाकतात. याच कारणाने धुतलेले भाग पत्र्याच्या छपरावर किंवा उन्हातल्या गाडीत वाळत ठेवू नका. सावलीत, फडक्यावर पसरा. मोरीच्या जाळीवर आधी चाळणी ठेवायला विसरू नका, हेडलाइटच्या भिंगाएवढे भाग सुटून जातात.

आता काहीही चिकटवण्याआधी चासी, एक्सल, चाकं आणि बॉडी मास्किंग टेपने आणि मळलेल्या रबरी गमने तात्पुरती जोडून लादीवर उभी करा. हॉट रॉडचं सगळं रूप या उभ्या ठेवणीत असतं. मागची टायर मोठी, पुढची लहान: जुन्या धाटणीच्या रॉडवर १/२५ मध्ये मागची साधारण ३० ते ३१ आणि पुढची २६ ते २७ मिलिमीटर व्यासाची असली की प्रमाण जमतं. चासीची खालची कड लादीपासून पुढे आणि मागे मोजा. पुढचं टोक मागच्यापेक्षा २ ते ३ मिलिमीटर खाली हवं. त्याहून जास्त खाली नेलं की गाडी नाक घासत चालल्यासारखी दिसते, आणि टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) चासीला टेकतो.

पुढचं टोक वर राहत असेल तर किटमध्ये खाली घेतलेला एक्सल आहे का बघा. नसेल तर आडव्या पाट्याचा (स्प्रिंगचा) वरचा भाग, जिथे तो चासीच्या आडव्या पट्टीला चिकटतो, तिथे कानशीने अर्धा-अर्धा मिलिमीटर घासत जा आणि प्रत्येक वेळी परत उभी करून बघा. घासलेलं प्लास्टिक परत येत नाही. हवी ती ठेवण मिळाली की बाजूने मोबाइलवर, लादीच्याच उंचीला धरून, एक फोटो काढून ठेवा. दोन महिन्यांनी अंतिम जुळणी करताना तोच संदर्भ.

चासी

हायबॉयमध्ये चासीच्या दोन्ही बाजू बॉडीखाली पूर्ण उघड्या दिसतात. ३२ फोर्डच्या चासीवर बाहेरून दाबून काढलेली एक वळणदार रेघ आहे. ती या गाडीची ओळख आहे, म्हणून घासताना ती बोथट होऊ देऊ नका. साच्याच्या सांध्याची रेघ चासीच्या खालच्या-वरच्या कडेवर येते. ती ४०० ने काढून ६०० आणि १००० ने गुळगुळीत करा. चासी बॉडीच्याच रंगाची असणार आहे, तेव्हा तिला बॉडीइतकीच मेहनत लागते.

पातळ सिमेंट चिकटवत नाही, ते प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं. भाग आधी जुळवून धरायचे, मग ब्रशचं टोक सांध्याला टेकवायचं. सिमेंट फटीत आपोआप ओढलं जातं. आधी सिमेंट फासून मग भाग दाबला की ते बाहेर फुगतं, आणि ज्या बोटाखाली फुगलं त्या बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

एक्सल लावल्यावर चारही चाकं टेकतात का ते बघायची युक्ती साधी आहे. लादीवर गाडी ठेवा, प्रत्येक चाकाखाली वर्तमानपत्राची अरुंद पट्टी घाला आणि एकेक पट्टी हळू ओढा. तीन अडतील आणि एक सुळकन निघून येईल, तर त्या चाकाखाली कागदाएवढी फट आहे. डोळ्याला ती आज दिसत नाही, पण चकचकीत काळी गाडी काचेच्या फळीवर ठेवली की पहिली तीच दिसते. सिमेंट ओलं असतानाच चासीवर दोन जुनी बॅटरी सेल ठेवून चाकं लादीला टेकवा आणि २४ तास हलवू नका, पावसाळ्यात ३६. सिमेंट सुकून गेल्यावर फट सापडली तर एक्सल पिळू नका, मोडतो. ज्या कोपऱ्यात चाक अधांतरी आहे तिथल्या स्टबच्या (चाक बसतं त्या खुंटाच्या) भोकाला कानशीने किंचित लांबट करा.

इंजिन

इथे वेळ घालवा, कारण बहुतेक हॉट रॉडचं बॉनेट काढलेलं असतं आणि बघणारा आधी तिथेच वाकतो. किटमध्ये कोणतं इंजिन आहे ते नीट बघा. काहींत नव्या काळाचं व्ही-८ असतं. जुन्या धाटणीला फ्लॅटहेड शोभतं.

फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडर हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात, म्हणून हेड नावाप्रमाणे सपाट झाकणासारखी असतात आणि स्पार्क प्लग वरून, प्रत्येक बाजूला चार, उभे दिसतात. एक्झॉस्टचे पाइप मात्र प्रत्येक बाजूला तीनच. मधल्या दोन सिलिंडरांचा धूर ब्लॉकच्या आतच एकत्र येऊन एका तोंडातून बाहेर पडतो. आठ सिलिंडर आणि सहाच पाइप बघून किटमधून भाग गहाळ झाला असं समजू नका, चौथा पाइप स्वतः करून लावू तर अजिबात नका.

वायरिंग केलं की इंजिन जिवंत होतं, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. खऱ्या प्लगची वायर ७ ते ८ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्याकडे ०.३ मिलिमीटर. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ३० नंबरची एनॅमल तांब्याची तार मागा, ती ०.३१५ मिलिमीटर असते. हातभर तुकडा पुरतो. गळाची तंगूस याच जाडीची मिळते, पण ती वाकवलेला आकार धरत नाही आणि रंगही धरत नाही. शिवणाचा दोरा आकार धरतो, पण त्याचे तंतू या मापात केसाळ दिसतात. तांबंच बरं.

प्रत्येक प्लगच्या जागी ०.४ च्या ड्रिलने १ मिलिमीटर खोल भोक पाडा. डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागावर) नऊ भोकं: चार उजव्या बाजूला, चार डाव्या बाजूला, नववं कॉइलसाठी. तारेला दातकोरणीवर वळवून आधी पूर्ण आकार द्या, मगच काळा रंग लावा. रंगवून वाकवली की रंगाची टवकं उडतात. टोकाला फेविक्विकचा ठिपका लावून बसवा. दमट हवेत फेविक्विक झटकन धरतो, कारण तो ओलाव्यानेच घट्ट होतो. त्यामुळे जागेवर सरकवायला वेळ मिळत नाही, आणि सभोवार पांढरी भुकटी उमटते. थेंब लादीवर काढून सुईच्या टोकाने उचला. ट्यूब कधीही थेट इंजिनवर नको.

कार्बोरेटर दोन किंवा तीन असतात, बहुतेक स्ट्रॉमबर्ग ९७ ची प्रतिकृती. ९७ हा आकडा त्याच्या घशाच्या व्यासाचा, ०.९७ इंच. त्यांना जोडणारी पेट्रोलची नळी ३३ नंबरच्या तांब्याच्या तारेची करा, ०.२५ मिलिमीटर, आणि रंगवूच नका. त्या काळी ती तांब्याचीच असे. ब्रेकची नळीही तीच, फक्त पोलादी रंगाची.

क्रोमच्या भागांवर सिमेंट चालत नाही. जिथे चिकटवायचं तिथला मुलामा चाकूने खरवडा. किटमध्ये एक्सल, पाटे, रॉड असं सगळंच क्रोमचं दिलेलं असतं. १९४०च्या दशकातल्या रॉडला ते विसंगत दिसतं. हेडलाइट आणि कार्बोरेटरच्या टोप्या क्रोमच्या ठेवा. बाकीचे भाग घरगुती ब्लीचमध्ये बुडवा, मुलामा काही मिनिटांपासून काही तासांत उतरतो. ब्लीचमध्ये टॉयलेट धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

बॉडीची तयारी

बॉडीवर साच्याच्या रेघा बहुतेक काउलच्या (बॉनेट आणि दारांमधल्या भागाच्या) बाजूला आणि मागच्या गोलाव्यावर असतात. उजेडात तिरपी धरली की दिसतात. ६०० ने, पाणी लावून, गोलाव्याच्या दिशेनेच घासा. सपाट ठोकळ्यावर कागद गुंडाळून गोलाव्यावर घासलं की तिथे सपाट डाग पडतो आणि तो रंगानंतरच कळतो. गोल भागांसाठी कागद रबराच्या तुकड्यावर घ्या.

दारांच्या आणि डिकीच्या फटी चाकूच्या पात्याच्या उलट्या बाजूने, दाब न देता, चार-पाच वेळा ओढून खोल करा. अस्तर (प्रायमर) आणि रंग मिळून पाच-सहा हात बसणार आहेत. उथळ फट त्यात बुजते आणि दार कोरलेल्याऐवजी नुसतं रेखाटल्यासारखं दिसतं.

खड्डे असतील तिथे लांबी अगदी पातळ थरात भरा. जाड थर वरून सुकतो आणि आतून ओला राहतो. पावसाळ्यात असा थर आठवड्यानेही आकसतो आणि रंगाखाली खळगा पडतो. अर्धा मिलिमीटरचा एक थर, दोन दिवस, घासणं, गरज असेल तर दुसरा.

मग राखाडी अस्तराचा एक हलका हात. अस्तर चुका दाखवतं, त्यासाठीच ते मारायचं. नवीन ओरखडे, राहिलेल्या रेघा दिसतील. १००० ने घासून परत अस्तर. हे तीनदा करावं लागलं तरी कंटाळू नका. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं हातात घेऊन बघितलीत, तर वरचा गुळगुळीतपणा खालच्या तयारीतून आलेला आहे हे बोटांना कळतं. इथेही तेच लागू आहे.

रंग

लॅकरमधलं थिनर उडताना पृष्ठभागातून उष्णता ओढून घेतं. पृष्ठभाग थंड पडतो, आणि हवा दमट असेल तर तिच्यातलं पाणी दवासारखं ओल्या रंगावरच बसतं. ती दुधाळ झाक म्हणजे हे पाणी. काळ्यावर आणि गडद लाल रंगावर ती सगळ्यांत वाईट दिसते. मीटर ६० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त मारा. ६० ते ७० मध्ये एअरब्रश असेल तर हळू उडणारं रिटार्डर थिनर घाला. स्प्रेच्या डब्यात ते घालता येत नाही, तेव्हा डबावाल्यांनी थांबावं. ७० च्या वर चकचकीत लॅकरचा नाद सोडा.

किनाऱ्यावर हिवाळ्यातही सकाळी दव असतं आणि दुपारनंतर खारा वारा ओलावा घेऊन येतो. मधला वेळ आपला: दव उडून गेल्यावर आणि खारा वारा सुटण्याआधी, साधारण साडेदहा ते साडेबारा. मीटरवर एक-दोन दिवस आकडे लिहून बघा, आपल्या गावचा नेमका तास सापडतो. समुद्रापासून आत, चिपळूण-लांज्याकडे, हा वेळ थोडा जास्त मिळतो.

पावसातच रंगवायची घाई असेल तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरा. पेणपासून सावंतवाडीपर्यंत गणपतीच्या शाळांत ऐन पावसात स्प्रेगन चालू असते, ती बहुतांशी पाण्याच्या रंगांवर. ते हळू वाळतात, पण दुधाळ होत नाहीत. अशा वेळी चकचकीत काळ्याऐवजी मॅट रेड ऑक्साइड निवडा. घरोघरी खिडक्यांच्या गजांना लावतात तोच तांबडा. जुन्या रॉडमध्ये अस्तराच्याच रंगात फिरणाऱ्या गाड्या खूप होत्या, तेव्हा तो अस्सलही दिसतो आणि पॉलिशचं काम वाचतं.

गाड्यांच्या दुकानातला एनसी थिनर किंवा टच-अप स्प्रे थेट प्लास्टिकवर मारू नका. पॉलिस्टायरीनवर जाळी पडते, काही ठिकाणी ते विरघळतं. मॉडेलसाठीच्या लॅकरचे डबे घ्या. उदाहरणार्थ टामियाचा टीएस-१४ चकचकीत काळा आणि वर टीएस-१३ क्लिअर. १०० मिलिलिटरच्या डब्यातला अर्धा एका बॉडीला आणि चासीला पुरतो. डबे ज्वलनशील, विमानाने येत नाहीत, म्हणून मागवताना दोन-तीन आठवडे धरा. किटमध्ये मडगार्ड आले असतील तर ते आपल्याला नकोच आहेत. रंगाची पहिली चाचणी त्यांच्यावर करा. वक्र पृष्ठभाग, तेच प्लास्टिक, यापेक्षा चांगला नमुना नाही.

रंगवायच्या दिवशी हात साबणाने दोनदा धुवा. खोबरेल तेलाचा अंश बोटावर, केसांवर असतोच, आणि बोट लागलं तिथे रंग आक्रसून माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. स्वयंपाकघराला लागून रंगवू नका, फोडणीचा धूरही हेच करतो. रबरी हातमोजे घाला. बॉडी अस्तर मारून खिडकीत राहिली असेल तर तिच्यावर मिठाचे कण बसलेले असतात. साध्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून मगच पुढे जा.

धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडतात. इथे ते उलटं पडतं, खोलीतली आर्द्रता वाढते. तासभर आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, पंखा बंद करा. पडवीत रंगवू नका. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावरून एक डंपर गेला की जांभ्याची तांबडी धूळ क्रीम रंगात रुतून बसते. मोठं पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यात फवारा, ते खिडकीशी ठेवा, तोंडाला सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क बांधा. कापडी मास्क उपयोगाचा नाही. त्या खोलीत गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटतं नको.

डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात, हाताला सोसेल एवढ्याच, उभा ठेवा. दाब वाढतो आणि फवारा बारीक येतो. आचेवर कधीही नाही. मग दोन मिनिटं भरपूर हलवा. बॉडी पालथ्या बाटलीवर पक्की बसवा. २० ते २५ सेंटिमीटरवरून, फवारा बॉडीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवायचा. बॉडीवर असताना बटण सोडलं की थेंब पडतो. पहिला हात धुक्यासारखा, खालचं अस्तर दिसत राहील इतका. १५ मिनिटांनी दुसरा, थोडा भरीव. आणखी २० मिनिटांनी तिसरा, ओलसर चमक येईल एवढा. ओघळ आलाच तर बोट लावू नका, तसाच वाळू द्या; आठवड्याने १५०० ने काढता येतो. बॉडी आणि चासी एकाच बैठकीत, एकाच डब्यातून.

रंग झाल्यावर बॉडी मोठ्या, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. झाकण पहिले दोन तास किलकिलं, म्हणजे थिनरची वाफ निघून जाते. दुसऱ्या दिवशी हाताला सुकलेली वाटेल, पण पॉलिशला किमान एक आठवडा, दमट दिवस असतील तर दोन. नाकाजवळ धरा: रंगाचा वास येत असेल तर आतून ओली आहे.

दुधाळ झाक आलीच तर घाबरून लगेच वर दुसरा हात मारू नका, पाणी आत कोंडतं. वाळू द्या. कोरड्या दिवशी क्लिअरचा हलका हात दिला की पुष्कळदा ती झाक विरते. नाही विरली तर २००० ने हलकं घासून रंगाचा एक हात परत.

डिकॅल लावणार असाल तर पॉलिशआधी, आणि क्लिअरचा पहिला हात त्यावर धुक्यासारखाच. ओला पडला तर डिकॅल सुरकुततात. क्लिअर पूर्ण वाळल्यावर २००० आणि मग ३००० च्या कागदाने, साबणाच्या पाण्यात, संत्र्याच्या सालीसारखा पोत जाईपर्यंत घासा. उठावाच्या रेघांवर आणि दारांच्या कडांवर रंग सर्वांत पातळ असतो. तिथे आधी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा, पॉलिश संपत आल्यावर काढा. शेवटी बारीक पॉलिशिंग कंपाउंड, मऊ सुती फडक्यावर.

आतलं काम, काच, अखेरची जुळणी

सीटच्या उभ्या घड्या मॅट मरून किंवा तपकिरी रंगवून, घड्यांत पातळ काळपट वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) सोडा, म्हणजे चामडं वाटतं. डॅशबोर्डच्या घड्याळांवर क्लिअरचा एक थेंब टाकला की काच झाली.

खिडक्यांची काच फेव्हिकॉलनेच बसवा. फेविक्विकची वाफ काच कायमची धुरकट करते. दमट दिवसांत फेव्हिकॉल पारदर्शक व्हायला दोन दिवस घेतो, तोवर हलवू नका. रेडिएटरच्या जाळीत पातळ काळा वॉश सोडून उठावाच्या दांड्या पुसून घ्या.

बॉडी चासीवर ठेवताना काढलेला फोटो समोर धरा. मडगार्ड नसल्याने बॉडी आणि चासीमधली अर्ध्या मिलिमीटरची फटही उघडी पडते. अडतंय तिथे बहुतेक आतली सीटची तबकडी किंवा फायरवॉल (इंजिन आणि सीटमधली आडवी भिंत) जाड रंगामुळे टेकत असते. तिथला रंग खरवडा, बॉडी दाबून बसवू नका. एक्झॉस्ट, हेडलाइट आणि रेडिएटर सर्वांत शेवटी.

जपणूक

किटची मऊ व्हायनिल टायर प्लास्टिकच्या रिमला वर्षानुवर्षं चिकटून राहिली की त्यांतलं तेल रिम वितळवतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लवकर होतं. रिमच्या टायरला टेकणाऱ्या भागावर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी लावून मग टायर चढवा. गाडी ठेवायच्या फळीशी टायर चिकटू नये म्हणून चाकांखालीही फॉइलचे छोटे चौकोन ठेवा.

काचेची पेटी हवी, खालून घट्ट बसणारी. उघड्यावर ठेवलेल्या मॉडेलवर पावसाळ्यात बुरशी धरते, आधी सीटच्या मॅट रंगावर, मग काचेच्या आतल्या बाजूला, जिथे बोट पोचत नाही. पेटीच्या तळात जाळीखाली रंग बदलणारं नारिंगी सिलिका जेल मूठभर ठेवा. ओल धरली की ते हिरवं होतं; कढईत मंद आचेवर परतलं की पुन्हा नारिंगी. मृगाच्या आधी एकदा, आणि आषाढ-श्रावणात दर पंधरा दिवसांनी.